बोअरच्या पाण्यावर तवंग दिसला म्हणून पेढे वाटू नका

दर उन्हाळ्यात बोअरच्या गाड्या गावात शिरल्या की माझा फोन वाजतो. "सर, पाण्यावर तेल दिसतंय."

खानदेशातल्या पारोळ्याकडच्या एका नातेवाइकाकडे बोअर तीनशे फुटांवर गेलं आणि बादलीत सप्तरंगी तवंग आला. "आप्पा, तेल लागनं!" गावभर बोभाटा. मी पोचलो तोवर पेढे संपले होते आणि बांधावर चौघं जमिनीचा भाव ठरवत बसले होते. आधी शेजारच्या जुन्या विहिरीतल्या तवंगात काडी फिरवली. काचेसारखे तुकडे झाले आणि तसेच राहिले. ते लोहजीवाणूंचं काम. मग बादलीत फिरवली. इथे तवंग फाटला आणि पुन्हा एक झाला, म्हणजे तेलच! सगळ्यांचे चेहरे फुलले. मी बोअरवाल्या पोऱ्याला विचारलं, "हॅमरला ऑइल टाकतोस ना?" त्यानं गाडीखालचा डबा पुढे केला. हवेच्या दाबाबरोबर तेच ऑइल खाली जातं आणि पाण्याबरोबर वर येतं. काडी फिरवायला दहा सेकंद लागतात, पण तेवढा धीर कोणाला?

दुसरी चूक शिकलेले लोक करतात. "आपल्याकडे डेक्कन ट्रॅप आहे, आणि तेल ट्रॅपमध्येच साठतं ना?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता चहा मागवूनच उत्तर देतो. डेक्कन ट्रॅपमधला ट्रॅप म्हणजे पायऱ्या. स्वीडिश शब्द आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला लाव्हा. तेलवाले ज्याला ट्रॅप म्हणतात तो सापळा: वर घुमटासारखा वळलेला किंवा भ्रंशानं, म्हणजे खडकातल्या तुटीनं, अडवलेला खडक, ज्यातून तेल निसटत नाही. लाव्हात तेल शिजत नाही. शिजायला समुद्राच्या किंवा तळ्याच्या तळाशी, प्राणवायू नसलेल्या चिखलात गाडलेले शेवाळ नि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव, लागतात.

शिजणं म्हणजे आपलं भरितच. कपाशीच्या काड्यांवर वांगं कमी भाजलं तर कच्चं, जास्त झालं तर कोळसा. तो चिखल दाबून झालेला खडक म्हणजे शेल, आणि त्यातला शेवाळ-प्लवकांचा गाळीव अवशेष म्हणजे केरोजेन. त्याचं साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला तेल होतं. त्याहून तापलं की गॅस. म्हणून "अजून खोल जाऊ, अजून तेल मिळेल" हे गणित चुकतं.

तेल तळ्यासारखं साचलेलं नसतं. वाळूखडकाच्या बारीक छिद्रांत असतं. भाजकी वीट पाण्यात बुडवून काढा, कळेल. वर शेलसारखं घट्ट झाकण हवं आणि सापळा तेल येण्याआधी तयार हवा. उशिरा बांधलेल्या बंधाऱ्यात गेलेला पूर परत येत नाही.

तेल डायनासोरपासून झालं, असं म्हणतात ते? नाही.

हे सगळं जुळलेलं बघायचं तर नंदुरबारच्या पश्चिमेला गुजरातेत अंकलेश्वर आहे. तिथे १९६० साली तेल लागलं. ते ज्या खंबातच्या खोऱ्यात आहे, तिथे लाव्हा तळाशी आहे आणि तेल त्याच्यावरच्या गाळथरांत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वर काळी माती, मग थेट बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. लाव्हाखाली जुने गाळथर असू शकतात, पण ते शोधणं मोठ्या सर्वेक्षणांचं काम, नारळ हातावर धरून पाणी सांगणाऱ्याचं नाही. आणि लागलंच तरी जमिनीखालचं तेल सातबाऱ्यावर चढत नाही.

नातेवाईक आता विहिरीतल्या बुडबुड्यांचे व्हिडिओ पाठवतात. कुजलेल्या पाल्याचा मिथेन असेल, असं कळवलंय. काडेपेटी घेऊन खाली उतरू नका, हे मात्र फोन करून सांगितलं.