क्षारपड रानात गहू: पहिले तीन आठवडे जपावेत

बागायती गव्हाच्या वेळेवर पेरणीचा काळ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर भागात किंवा कोपरगाव-राहाता परिसरातील कालव्याखाली क्षारपड झालेल्या रानात गहू घ्यायचा असेल, तर तयारी आतापासूनच करावी. मुळांच्या थरातील मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे प्रमाण दाखवणारा आकडा, साधारण ६ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत असली, तरी वाढलेला गहू ती सोसतो. उगवणीच्या आणि रोपाच्या अवस्थेत मात्र तो बराच नाजूक असतो. माती परीक्षण अहवालातील वाहकता बहुधा एक भाग माती व अडीच भाग पाणी या द्रावणात मोजलेली असते आणि ती बरीच कमी दिसते, त्यामुळे त्या आकड्याची या ६ शी थेट तुलना करू नये.

अहवालात सामू (पीएच) आवर्जून पाहावा. सामू ८.५ च्या आत आहे, वाळल्यावर वर पांढरा थर येतो, पण पाणी मुरते, अशी जमीन क्षारयुक्त समजावी. तेथे जिप्समचा उपयोग नाही. चर काढून निचरा करावा, सारे (लांबट वाफे) सपाट बांधावेत आणि चांगल्या पाण्याने भरपूर ओलवणी (पेरणीआधीचे पाणी) करून क्षार खाली जाऊ द्यावेत. वापसा (पेरणीजोगी ओल) येताच पेरणी उरकावी, कारण रान वाळू लागले की तेच क्षार पुन्हा वर चढतात. सामू ८.५ च्या वर असून पाणी गढूळ होऊन साचत असेल, तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, आहे. तेथे नुसते पाणी देत राहिल्याने नुकसानच होते. परीक्षणानुसार जिप्सम व शेणखत द्यावे लागते.

कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने के.आर.एल. २१० आणि के.आर.एल. २१३ हे क्षार सहन करणारे वाण विकसित केले आहेत. ते उत्तरेतील लांब थंडीसाठी आहेत, म्हणून आपल्याकडे आधी एखाद्या साऱ्यातच घेऊन पाहावेत. उगवण विरळ होते हे गृहीत धरून हेक्टरी १०० किलोऐवजी १२५ किलो बियाणे वापरावे. नत्राची मात्रा शिफारशीपेक्षा पाव पटीने वाढवून विभागून द्यावी. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घेतल्यास क्लोराइडची भर टळते. चोपण जमिनीत हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेटही द्यावे.

मुकुटमुळे (खोडाच्या तळाशी येणारी मुळे) फुटण्याच्या वेळी, म्हणजे १८ ते २१ दिवसांनी द्यायचे पाणी चुकवू नये. चोपण रानात मात्र ते हलकेच द्यावे, कारण तेथे पाणी साचले की रोपे पिवळी पडतात. विहिरीचे पाणी मचूळ असेल आणि कालव्याचेही मिळत असेल, तर ओलवणी व हे पहिले पाणी कालव्याचेच द्यावे.

काढणीनंतर रान उघडे ठेवू नये. चोपण जमिनीत जिप्समची मुख्य मात्रा पावसाळ्याआधी वरच्या थरात मिसळावी, पहिल्या पावसावर धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरावे आणि फुलावर येण्याच्या सुमारास, साधारण ४५ दिवसांनी, तो जमिनीत गाडावा.