पिकाला पाण्याचा ताण आहे का? टेम्परेचर गनने मोजायचं तर असं मोजा

हल्ली बरेच जण टेम्परेचर गन (न टेकवता लांबूनच तापमान दाखवणारं यंत्र) घेऊन केळीत फिरतात, पानावर लाल ठिपका मारतात, ३६.४ दिसलं की म्हणतात पाणी कमी पडलं आणि मोटर चालू. असं नका करू भाऊ. त्या एकट्या आकड्याला काहीच अर्थ नसतो. गन कामाची आहे, फार कामाची आहे, पण मोजायची रीत पाळली तरच.

मूळ गोष्ट सोपी आहे. पाणी पुरेसं असलं की पान वाफ सोडतं आणि थंड राहतं, पाणी तुटलं की पानाची रंध्रं, म्हणजे वाफ सोडणारी बारीक छिद्रं, मिटतात आणि पान तापायला लागतं. याच्यावरूनच १९८१ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात इडसो आणि जॅक्सन या शास्त्रज्ञांनी पिकाच्या ताणाचा निर्देशांक बसवला. तिकडची हवा आपल्या उन्हाळ्यासारखीच कोरडी, म्हणून ही पद्धत खान्देशात ऑक्टोबर हीटमध्ये आणि फेब्रुवारी ते मे चांगली चालते. श्रावणात दमट हवा आणि ढग असताना पाणी मिळालेलं आणि न मिळालेलं झाड जवळपास सारखंच दिसतं, तेव्हा गन घरातच ठेवा.

गन कारखान्यात वापरतात ती घ्या. कोविडात कपाळावर धरायचो ती चालत नाही, ती शरीराच्या तापमानाच्या हिशेबाने आकडा बदलून दाखवते. आणि मातीत खुपसायचे ते दोन काड्यांचे स्वस्त मीटर घेऊच नका, त्यांचा आकडा पाण्याइतकाच खतामुळे पण हलतो, ड्रीपने पोटॅश सोडलं की माती ओलीच दाखवणार.

आणल्या आणल्या एकदा बर्फावर तपासा: ग्लासात काठोकाठ बर्फाचा चुरा, फटी भरतील इतकंच पाणी, ढवळायचं आणि जवळून मोजायचं. शून्याच्या आसपास यायला पाहिजे. २ अंशांपेक्षा जास्त फरक आला तर गन परत करा. स्क्रीनवर दशांश दिसतो म्हणून गन दशांशापर्यंत अचूक आहे असं समजू नका, स्वस्त गनच्या पत्रकावरच अधिक-उणे २ अंश लिहिलेलं असतं.

मग त्याच शेतात, त्याच वाणाची, त्याच वयाची चार-पाच झाडं निवडा आणि मोजायच्या आधी दोन दिवस त्यांना भरपूर पाणी द्या, फक्त चिखल होऊ देऊ नका. ही तुमची तुलनेची झाडं. आकडा कायम यांच्याशी ताडून बघायचा.

आता खरा अवघड टप्पा, प्रत्यक्ष पानावर गन धरण्याचा. मला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलंय, आणि विकणारा याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

लाल ठिपका म्हणजे गन मोजते ती जागा नाही, तो फक्त नेम धरायला असतो. गन त्याच्या आजूबाजूचा मोठा गोल बघते. गनवर १२:१ लिहिलेलं असेल तर ६० सेंटीमीटरवरून ५ सेंटीमीटरचा गोल, आणि २ मीटरवरून जवळपास १७ सेंटीमीटरचा. त्या गोलात जे जे येईल त्या सगळ्याची सरासरी आकड्यात उतरते. आपली काळी जमीन दुपारी भट्टीसारखी तापलेली असते. समजा पान ३४ अंशांवर आहे आणि गोलाचा पाचवा हिस्सा ६० अंशांच्या मातीवर पडला, तर गन ३९ च्या वर दाखवणार, म्हणजे पाणी भरपूर असलं तरी तुम्हाला ताण दिसणार. म्हणून जवळ जा, पान गोलाच्या दुप्पट तरी मोठं पाहिजे. केळीत हे सोपं आहे. कपाशीत ओळी मिळालेल्या नसताना वरून सरळ खाली कधीच मोजू नका, ओळीच्या बाजूने तिरपं धरा, सूर्य पाठीशी ठेवा आणि स्वतःची सावली पानावर पडू देऊ नका.

केळीत वरून तिसरं पूर्ण उघडलेलं, उन्हातलं पान घ्या, दोन्हीकडच्या झाडांचं सारखंच. वाऱ्याने फाटून पट्ट्या झालेलं पान अखंड पानापेक्षा थंड राहतं आणि मधल्या शिरेवर मिटलेलं पान ऊन कमी खातं, म्हणून एकीकडे अखंड आणि दुसरीकडे फाटलेलं असं मोजलं तर तुलनाच मोडते.

दुसरी गोष्ट गनच्या स्वतःच्या तापमानाची. ती स्वतःच्या अंगाचं तापमान धरूनच हिशेब करते, त्यामुळे एसी गाडीतून काढली आणि लगेच मारली किंवा मोटरसायकलच्या डिक्कीत तापलेली मारली तर आकडा भरकटतो. शेतात गेल्यावर अर्धा तास सावलीत ठेवा, आणि मधल्या वेळेत पण टॉवेलखाली. बऱ्याच गनच्या पत्रकावर वापराची मर्यादा ४० अंशांपर्यंतच असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, हे गन घेतानाच बघून घ्या.

वेळ साडेबारा ते अडीच, स्वच्छ ऊन. ढग आला की थांबा, पान मिनिटभरातच थंड व्हायला लागतं. आधी तुलनेची झाडं मोजा, मग बाग, मग परत तुलनेची झाडं. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा एका अंशापेक्षा जास्त हलला असेल तर ती अख्खी फेरी टाकून द्या, दया-माया नको. प्रत्येक ठिकाणी निदान दहा वेळा मोजून सरासरी काढा.

बाग तुलनेच्या झाडांपेक्षा किती तापली ते बघायचं; २ अंशांच्या आतला फरक मी धरतच नाही. २-३ अंशांच्या वर आणि लागोपाठ दोन दिवस तसंच दिसलं तर पाणी वाढवायचा विचार करा, पण व्हॉल्व्ह उघडायच्या आधी खोडाजवळ वीतभर माती उकरून हातात घ्या. कोरडी निघाली तर ड्रिपर बघा, बऱ्याचदा लॅटरलच्या (ड्रीपच्या नळीच्या) शेवटचे तुंबलेले असतात. ओली निघाली आणि तरी पान तापलंय, तर प्रश्न पाण्याचा नाही, मुळांचा आहे: सड, सूत्रकृमी, मर रोग नाहीतर पाणी साचून गुदमरलेली मुळं. अशा झाडाला आणखी पाणी दिलं तर ते हातचं जाईल, त्यामुळे ड्रीप बंद ठेवा आणि एक मूळ चिरून आतला रंग बघा.