पार्किंगच्या कोब्यावर एपॉक्सी: चाचणी श्रावणात, काम माघात

बंगल्याच्या पार्किंगमधील कोब्यावर एपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेचा, लेप द्यायचे ठरले की घरोघरी आधी रंगाचे कार्ड पाहिले जाते आणि मग चौरस फुटाचा दर विचारला जातो. नाशिकमध्ये मात्र या दोन्हींच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर हाती असायला हवे, ते म्हणजे भर पावसाळ्यात या कोब्याखालची ओल किती वर चढते. परदेशी उत्पादकांच्या माहितीपत्रकांत रस्त्यावरच्या बर्फावर टाकलेले मीठ आणि काँक्रीटच्या छिद्रांत गोठून फुगणारे पाणी यांचा धाक घातलेला असतो. निफाडच्या द्राक्षबागांत एखाद्या पहाटे दव गोठत असले, तरी आपल्या कोब्याचे ते दुखणे नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या पोर्चच्या काँक्रीटवर अनवाणी पाय टेकवत नाही, पुढे चार महिने जमीन पाणी पिऊन बसते आणि डिसेंबरात रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. त्यात खाली काळी माती असेल, तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या कोब्याला दरवर्षी थोडे थोडे हलवते.

मी स्वतः हा धडा पैसे मोजून शिकलो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी उरकून टाकू म्हणून घाईने लेप करून घेतला. आठवडाभर फरशीत शटरचे प्रतिबिंब दिसत होते. गणपती बसेपर्यंत मागच्या भिंतीलगत ज्वारीच्या दाण्याएवढे फोड उठले आणि त्यांतले काही रुपयाच्या नाण्याएवढे झाले. एक फोड टाचणीने टोचला, तेव्हा आतून निघालेले पाणी बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागले. काँक्रीटमधील क्षार घेऊन वर आलेले हे पाणी लेपाखाली अडकते आणि आणखी ओलावा स्वतःकडे ओढत राहते, म्हणून असा फोड आपोआप बसत नाही. पाहायला आलेला कारागीर एवढेच म्हणाला, "साहेब, खालून घाम येतोय." दोष मालाचा नव्हता. मी महिना चुकीचा निवडला होता आणि चाचणी केलीच नव्हती.

चाचणी अगदी साधी आहे. दीड फूट लांब आणि दीड फूट रुंद असा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात आणि तो किमान 16 तास तसाच ठेवावा. काढल्यावर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूस थेंब दिसले किंवा खालचे काँक्रीट गडद झालेले आढळले, तर ओल वर येत आहे असे समजावे. एकच तुकडा लावून समाधान मानू नये. शटरजवळ, मध्यभागी आणि बागेला लागून असलेल्या भिंतीपाशी असे तीन तरी लावावेत आणि त्यांच्यावर थेट ऊन पडणार नाही हे पाहावे. मुख्य मुद्दा वेळेचा आहे. ही चाचणी फेब्रुवारीत केली तर नाशिकमधला जवळपास कोणताही कोबा उत्तीर्ण होईल, आणि त्या निकालाचा उपयोग शून्य. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला गोदावरीचे पाणी लागल्याच्या बातम्या येतात, त्या आठवड्यांत, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये प्लॅस्टिक लावावे. घर नदी-नाल्याच्या काठी किंवा उताराच्या पायथ्याशी असेल तर हे टाळूच नये.

श्रावणातल्या चाचणीत तिन्ही तुकडे कोरडे निघाले, तर फेब्रुवारीत निर्धास्तपणे काम काढावे. हलका दमटपणा दिसला, तर ओलावा सहन करणारा एपॉक्सी प्रायमर वापरावा आणि तो उत्पादकाने सांगितलेल्या पूर्ण जाडीनेच द्यावा. प्लॅस्टिकखाली थेंब साचत असतील, तर माझे स्पष्ट मत असे की एपॉक्सीचा नाद सोडावा. अशा ठिकाणी वाफेला वाट देणारे सिलेन-सिलॉक्सेनचे मुरणारे द्रावण मारावे, किंवा सरळ पार्किंगच्या टाइल्स बसवून घ्याव्यात. चकाकी मिळणार नाही, पण दर दिवाळीला पोपडे खरवडत बसावे लागणार नाही.

भेगांचीही अशीच दोन ऋतूंत तपासणी करावी. भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर पट्टी लावून तिच्यावर तारीख लिहावी. उन्हाळ्यात लावलेली पट्टी पावसाळ्यानंतरही अखंड राहिली, तर भेग थांबलेली आहे. ती ग्राइंडरने इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडून एपॉक्सी पुट्टीने भरता येते. पट्टी तडकली असेल, तर खालची माती अजून हलते आहे. अशी भेग कडक पुट्टीने भरली तरी शेजारून नवी फुटते, म्हणून तिथे लवचीक पॉलियुरेथेन सीलंट भरावे आणि तो सांधा लेपातही सांधा म्हणूनच उघडा ठेवावा.

आता पृष्ठभागाच्या तयारीकडे वळू, कारण निम्मे काम तिथेच असते. आपल्याकडे कोबा गुळगुळीत दिसावा म्हणून गवंडी वर कोरडे सिमेंट भुरभुरून थापीने घोटतो. दिसायला तो सुरेख असतो, पण वरचा पापुद्रा कमजोर असतो. खिळ्याने जोर देऊन रेघ ओढावी. पांढरी भुकटी निघून खाच पडली, तर लेप त्या पापुद्र्याला चिकटेल आणि पापुद्र्यासकट निघेल. त्यासाठी डायमंड कप लावलेल्या ग्राइंडरने तो थर घासून काढावा, व्हॅक्यूमने धूळ ओढून घ्यावी आणि बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा हाताला लागेपर्यंत थांबू नये. घासताना उडणारी सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना घातक असल्याने रुमाल पुरेसा नाही, योग्य मास्कच हवा. ॲसिडने धुण्याचा स्वस्त मार्ग अनेक जण सुचवतात. मी तो टाळतो, कारण धुण्याचे पाणी कोब्यात मुरते, ॲसिडचे अंश मागे राहतात आणि वाफेने शटर व गाडीचे लोखंड गंजते. नवा कोबा असेल तर किमान 28 दिवस जाऊ द्यावेत.

दुचाकीखालचे ऑइलचे डाग हे वेगळे प्रकरण आहे. आधी लाकडाचा भुसा टाकून ऑइल शोषून घ्यावे, मग ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने घासून धुवावे आणि वाळल्यावर त्या जागी पाण्याचे चार थेंब टाकावेत. थेंब मिनिटाभरात जिरले तर जागा तयार आहे; मोत्यासारखे उभे राहिले तर पुन्हा घासावे.

लेप देण्याच्या दिवशी हवामानाचे गणित सांभाळावे लागते. कोब्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा) किमान 3 अंश सेल्सिअसने जास्त आणि हवेतील आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली असली पाहिजे. हवा 25 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर दवबिंदू साधारण 21 अंशांवर येतो. रात्रभर थंड झालेला बंद पार्किंगचा कोबा त्याच्या आसपास असेल, तर डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्याच्यावर आधीच बसलेला असतो. थंडीत आणि दमट हवेत एपॉक्सीला घट्ट करणाऱ्या भागाचा, म्हणजे हार्डनरचा, मेणचट, पांढुरका थर वर येतो आणि त्याच्यावर पुढचा हात चिकटत नाही. मे महिन्यात उलटे होते. काँक्रीट तापत असताना त्याच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावून बाहेर पडते आणि ओल्या लेपात बुडबुडे व सुईच्या टोकाएवढी भोके पाडते. म्हणून कोबा तापू लागण्याच्या वेळी नव्हे, तर निवू लागल्यावर, म्हणजे दुपार उतरल्यावर प्रायमर द्यावा. फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा हा आपल्याकडचा सर्वांत सोपा काळ. हुकलाच तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध चालेल.

मालाचा हिशेब कारागिरावर सोडू नये. ज्यात सॉल्व्हंट किंवा पाणी नाही अशा एपॉक्सीचा 1 लिटर 10 चौरस मीटरवर पसरला की 100 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, थर बसतो. 10 फूट बाय 18 फुटांचे पार्किंग म्हणजे सुमारे 16.7 चौरस मीटर. तिथे 200 मायक्रॉनचे दोन हात द्यायचे, तर प्रायमर सोडून जवळजवळ 6.7 लिटर माल लागतो. कोणी 4 लिटरचा एकच डबा घेऊन आला, तर थर किती बसणार हे त्याच्यासमोरच मोजून दाखवावे. पाण्यात किंवा सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेल्या मालातला बराचसा भाग उडून जातो, त्यामुळे त्याचा वाळलेला थर आणखी पातळ होतो.

ए (राळ) आणि बी (हार्डनर) हे दोन्ही भाग उत्पादकाच्या प्रमाणातच, डब्याच्या कडा आणि तळ खरवडत मिसळावेत. मिसळल्यावर माल स्वतःच तापू लागतो. तो बादलीत ठेवून चहाला गेलात, तर परत येईपर्यंत दगड झालेला असतो. म्हणून मिसळताच तो फरशीवर पट्ट्यापट्ट्याने ओतावा, स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीच्या ओढणीने, ओढावा आणि मागून रोलर फिरवावा. हार्डनरमुळे त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते, त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे काढून काम करणाऱ्याला थांबवण्याचा अधिकार घरमालकाने जरूर वापरावा.

उन्हाचा पट्टा पडणाऱ्या पोर्चमध्ये एपॉक्सी हा शेवटचा थर नसावा, कारण तो उन्हाने पिवळा पडतो आणि त्याच्यावर खडूसारखी भुकटी येते. त्यावर उन्हात टिकणाऱ्या ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचा किंवा पॉलिअस्पार्टिकचा हात द्यावा. पॉलिअस्पार्टिक लवकर घट्ट होतो, त्यामुळे तो हाताळायला सराईत माणूसच हवा. शटरच्या तोंडाशी, जिथे पावसात ओले टायर आणि ओल्या चपला येतात, तिथे ओल्या थरावर क्वार्ट्झची वाळू भुरभुरून पाय घसरणार नाही अशी पकड करून घ्यावी.

साधारण 24 तासांनी चालता येते, पण गाडीसाठी सात दिवस थांबावे. कसारा घाट चढून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात. ते निवताना आकसतात आणि कच्च्या लेपाला पकडून उचलतात. आमच्याकडे दसऱ्याला पूजेसाठी गाडी मागे घेतली, तेव्हा चार चाकांच्या जागी राखाडी काँक्रीटचे चार चौकोन उघडे पडले होते आणि निघालेला लेप टायरच्या नक्षीत बसलेला होता.