भिंतीमागचं पाणी

नागपूरचा पोरगा समुद्राच्या भिंती बांधतो म्हटल्यावर घरचेच हसले होते. पहिली नोकरी रत्नागिरीकडे, धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर, दोन पावसाळे. आता इथे नागपुरात नाल्याकाठच्या संरक्षक भिंती करतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हापासून भिंत हवी म्हणणारे वाढले आणि या कामाबद्दल विचारणारी नवी पोरंही. हे त्यांच्यासाठी.

ओव्हरटर्निंग, स्लायडिंग, म्हणजे भिंत उलटेल का, सरकेल का याचं गणित, तुम्हाला येतं असं धरतो. मलाही येत होतं. तरी इथली माझी पहिली भिंत, ३ मीटर उंचीची, दुसऱ्याच पावसाळ्यात वरच्या टोकाला दोन इंच नाल्याकडे कलली. पूर होता तोवर काही नाही. पूर उतरल्यावर मालकाचा फोन: "साहेब, अंगणातल्या फरशीत चीर गेली जी, भिंतीच्या बराबर सरळ."

गेलो, वीप होलमध्ये, म्हणजे मागचं पाणी बाहेर सोडायच्या छिद्रात, सळई घातली. सहा इंचांवर अडकली. टोकाला काळी माती, घट्ट. पाइपचे तुकडे फक्त दर्शनी बाजूला बसवलेले, मागे खडीचा थर नाही, मुरूम महाग म्हणून भराव खोदाईतल्या मातीचा. बिलावर सही माझी.

हे नीट समजून घ्या. ३ मीटर भिंतीमागे कोरडा मुरूम असेल तर मीटरभर लांबीवर साधारण पावणेतीन टन रेटा येतो. तोच भराव पाण्याने पूर्ण भरला की मातीचा रेटा जवळपास निम्मा होतो, पण पाण्याचा साडेचार टन वर चढतो. एकूण सहाच्या घरात. दुपटीहून जास्त! पूर असताना समोरचं पाणी भिंतीला टेकू देतं. पूर उतरला की टेकू जातो, मागचं पाणी तिथेच. कोकणात हे रोज ओहोटीला होतं. छिद्रांतून पाणी पिचकताना मी दोन वर्षं बघितलं, तिथला म्हातारा गवंडी मुद्दाम ओहोटीला बोलावून दाखवायचा. नागपुरात आलो आणि विसरलो. ऑफिसातल्या सरांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या एक्सेलमध्ये भूजल पातळीच्या रकान्यात शून्य होतं, म्हणजे भिंतीमागे पाणीच धरलेलं नाही, मीही तसंच ठेवलं. फुकटच्या शीटवर माझा तेव्हापासून राग आहे. बूट ओले न करणाऱ्या सरांवरही.

तर १०० मिमीचे पाइप, दीड-दोन मीटरवर, वरखाली आडमेळात, उतार बाहेर, मागे खडी आणि जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडून माती अडवणारं कापड. काळी माती भरावात अजिबात नको. भिजली की फुगते, सुकली की भेगाळते आणि पुढचा पाऊस त्या भेगांत भरतो. दर मे महिन्यात प्रत्येक छिद्रात सळई घाला. डास होतात म्हणून मालक छिद्रं सिमेंटने बुजवतात, त्यांना आधीच जाळी बसवून द्या.

प्रकार निवडणं त्यामानाने सोपं. नाल्याला जागा असेल तर गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत भरलेले दगड, पाणी आपोआप सुटतं. समुद्रावर तीच जाळी गंजते. तिथे मोठ्या दगडांचा उताराचा बंधारा बरा, कारण उभी भिंत लाट परतवते आणि आपल्याच पायाखालची वाळू उकरते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आरसीसी करायचंच तर काँक्रीटचं मानक आयएस ४५६ प्रमाणे किमान एम ४० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर त्याचं ७५ मिमी कव्हर. इथल्या सवयीने कव्हर कमी देऊ नका. आणि निळी पूररेषा, म्हणजे नदीकाठच्या मनाई पट्ट्याची हद्द, आधी बघा. "बांधून टाकू, मग बघू" म्हणणाऱ्या मालकाचं काम सोडा, पैशाची कितीही गरज असली तरी.

घाबरू नका मात्र. कललेली भिंत बहुतेकदा वेळ देते. आम्ही बाहेरून ड्रिल मारलं. तिसऱ्या छिद्रातून काळं पाणी आलं आणि तासभर वाहत राहिलं. मालक खुर्ची टाकून बघत बसले होते. मग मागची माती काढून खडी-मुरूम भरला, अर्धा खर्च माझा. भिंत अजून दोन इंच कललेलीच आहे. दर जूनला मी ओळंबा घेऊन जातो, ते चहा देतात.