नवी स्टॅबिलाइज्ड झूम लेन्स कशी तपासावी

आधी ट्रायपॉड. स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढणारी सोय) बंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १००, टायमर २ सेकंद. समोर दूरच्या इमारतींची रांग किंवा विटांची भिंत घ्या. भिंत असेल तर कॅमेरा तिला अगदी समांतर हवा, नाहीतर तिरकेपणाचा दोष लेन्सच्या माथी बसतो. झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरवर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) आणि एफ/८ या लहान छिद्रावर फोटो काढा. दर वेळी फोकस नव्याने करा. शंभर टक्के मोठे करून चारही कोपरे पाहा. सगळे सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच बाजू पुसट असेल आणि पुन्हा काढूनही तीच पुसट येत असेल, तर आतली काच सरकलेली असण्याची शक्यता मोठी. अशी लेन्स मुदतीतच बदलून घ्या.

मग स्टॅबिलायझेशन चालू करून. फुल-फ्रेमवर (३६×२४ मिमी सेन्सरचा कॅमेरा) ५० मिमी फोकल लांबीला हातात धरून साधारण १/५० सेकंद शटरवेग सुरक्षित मानतात. तिथून १/२५, १/१२, १/६ असे खाली या. वेळ दुप्पट झाला की एक स्टॉप; १/६ म्हणजे तीन स्टॉप. प्रत्येक वेगाला दहा फोटो काढा, कारण एखादा फोटो नशिबानेही शार्प येतो. शटर अर्धे दाबून क्षणभर थांबा, चित्र स्थिरावले की पूर्ण दाबा. घाईत हेच राहते. चालणारा माणूस १/६ ला पुसटच येणार, त्यात लेन्सचा दोष नाही.

शेवटी लेन्स खाली झुकवून हलवा: झूम आपोआप सरकते का?