जर्मन अभ्यासक्रमाची शाळा निवडताना या चुका टाळा

परदेशात बदली झाली की घर, व्हिसा आणि सामान यांच्या गडबडीत मुलांच्या शाळेचा निर्णय संकेतस्थळावरची छायाचित्रे पाहून एका दुपारी उरकला जातो, आणि त्याचा भुर्दंड काही वर्षांनी मुलाला सोसावा लागतो. बदलीवर फिरणाऱ्या कुटुंबांना सल्ला देताना मला त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहाव्या लागतात की आता त्या लिहूनच ठेवलेल्या बऱ्या.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पाटीवरच्या 'जर्मन' या शब्दावर विसंबणे. जर्मन सरकारच्या परदेशी शाळा विभागाचे पाठबळ असलेल्या आणि खऱ्या अर्थाने जर्मन अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळा जगभरात १३० हून थोड्या अधिक आहेत. याउलट, २००८ साली सुरू झालेल्या 'पाश' या जर्मन भाषेच्या प्रसारासाठीच्या उपक्रमाच्या जाळ्यात सुमारे २००० शाळा असून त्यांतल्या बहुसंख्य शाळा स्थानिक अभ्यासक्रमाच्या आहेत आणि जर्मन तेथे केवळ एक परकी भाषा म्हणून शिकवली जाते. प्रवेशद्वाराजवळ लावलेले बोधचिन्ह पाहून हा फरक कळत नाही.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने अशाच एका शाळेत मुलाला घातले. नावात जर्मन होते, मुख्याध्यापक जर्मन होते, पण इतिहास, गणित, विज्ञान सारे इंग्रजीतून, आणि जर्मनच्या आठवड्याला मोजक्या तासिका. पुढे वडिलांची बदली जर्मनीत झाली आणि मुलगा गिम्नाझियमच्या (विद्यापीठाकडे नेणाऱ्या जर्मन माध्यमिक शाळेच्या) सातवीच्या दारात उभा राहिला. तेथील वर्गाने दुसरी परकी भाषा आदल्या वर्षीच सुरू केली होती आणि इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत त्याला चार सलग वाक्ये लिहिता येईनात, म्हणून हुशार मुलाला एक इयत्ता खाली बसावे लागले. दोष कोणाचा, यावर घरात बराच काळ वाद चालला. मला विचाराल तर प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी कोणी दोन प्रश्न विचारले असते तर वादाचे कारणच उरले नसते.

मी स्वतः तीन गोष्टी लेखी मागवल्याशिवाय शाळा पाहायलाही जात नाही: अभ्यासक्रम जर्मनीच्या १६ राज्यांपैकी कोणत्या राज्याचा आहे (परदेशातील अनेक शाळा थुरिंगियाचा धरतात), जर्मन शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शाळेला कोणत्या परीक्षेसाठी मान्यता दिली आहे, आणि ती परीक्षा आजच घेतली जाते की 'नियोजित' आहे. उत्तरादाखल नुसते माहितीपत्रक आले तर मी ते नकारार्थीच धरतो. काही शाळा चौथीपर्यंतच असतात, हेही याच टप्प्यावर कळते.

परीक्षांची गल्लतही नेहमीचीच आहे. जर्मन भाषा पदविकेचा दुसरा स्तर जर्मन विद्यापीठासाठी भाषेचा पुरावा म्हणून चालतो, मात्र विद्यापीठ प्रवेशाची पात्रता त्यातून मिळत नाही; ती जर्मन आंतरराष्ट्रीय आबिटूर (शालेय शिक्षणाच्या शेवटची जर्मन परीक्षा) देते, किंवा काही विषय जर्मनमधून घेतले जाणारे मिश्रभाषिक आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) देते.

दुसरी चूक मला अधिक खटकते, कारण ती पालकांच्या घाईतून जन्मते: "मूल लहान आहे, सहा महिन्यांत भाषा उचलेल." मैदानावर ते खरोखर उचलते, आणि त्यावरच पालक निश्चिंत होतात. पण विज्ञानाच्या वहीत प्रयोग लिहिताना काय दिसले आणि त्यावरून काय सिद्ध झाले हे वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडावे लागते. पेला झाकल्यावर मेणबत्ती विझली, एवढे सांगता येणारी मुलगी 'निरीक्षण' या मथळ्याखालीच "हवा संपली" असे लिहून मोकळी होते आणि तिचे गुण जातात. शिक्षकाने तांबड्या शाईने ओढलेला बाण पाहून पालकांना वाटते की विज्ञान कच्चे आहे. विज्ञान कच्चे नसते, शाळेत लिहिण्याची भाषा कच्ची असते, आणि ती पक्की व्हायला वर्षे लागतात. म्हणून तिसरी-चौथीनंतर प्रवेश घ्यायचा असेल तर परकी भाषा म्हणून जर्मन शिकवणारा आधारवर्ग आहे का, तो किती काळ चालतो आणि त्या काळात मुलाचे कोणते विषय बुडतात, हे मी खोदून विचारतो. झटपट शिकवणीच्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही.

फीबाबत एवढेच, की यांतील बहुतेक शाळा पालकांच्या किंवा स्थानिक संस्थेमार्फत चालणाऱ्या खासगी शाळा असून सरकारी मदत मिळूनही फी द्यावीच लागते. कंपनी ती भरत असेल तर करार संपल्यावर कोण भरणार, हे आधीच ठरवावे.

शेवटी कागदपत्रे. जर्मन पद्धतीत १ हा सर्वोत्तम आणि ६ हा सर्वांत खालचा शेरा असतो. ज्या शाळेत ५ म्हणजे उत्तम, तेथील प्रगतिपुस्तक तसेच पुढे केले तर वाचणाऱ्याची पहिली समजूत उलटी होऊ शकते. जुन्या शाळेकडून श्रेणींचे स्पष्टीकरण सही-शिक्क्यासह, शाळा सोडण्याच्या आधीच घ्यावे, कारण नंतरच्या पत्रांना तेथील कार्यालय क्वचितच वेळेवर उत्तर देते.