अणुभट्टी बंद झाली, उष्णता बंद झाली नाही : या चुका टाळा

अणुभट्टीत नियंत्रक दांडे आत गेले की काही सेकंदांत विखंडन, म्हणजे अणू फुटण्याची साखळी, थांबतं. इंधनात साठलेल्या किरणोत्सारी द्रव्यांचं विघटन मात्र कुठल्याही बटणाने थांबत नाही. तारापूर किंवा नियोजित जैतापूरविषयी बोलताना आधी आकडे समोर हवेत. जैतापूरला ज्या प्रकारच्या भट्ट्या ठरल्या आहेत, त्यातली एक सुमारे ४,५९० मेगावॅट उष्णता देते. बंद होताच त्यातली ६ ते ७ टक्के उरते, म्हणजे जवळपास ३०० मेगावॅट. तासाभराने ६० च्या आसपास, दिवसाने २० ते २२, आणि आठवड्यानेही दहाच्या वरच.

"अर्धा टक्का तर उरलाय"

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. दिवसाने उरलेला हा अर्धा टक्का, म्हणजे २२ मेगावॅट उष्णता, नुसतं पाणी उकळवून घालवायची तर तासाला सुमारे ३० टन पाणी वाफ होऊन जातं. दहा हजार लिटरचे तीन टँकर, दर तासाला, रात्रंदिवस. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या वाड्यांना टँकर मिळवताना काय होतं ते इथे वेगळं सांगायला नको. शिवाय उष्णता पहिल्या तासात झपाट्याने उतरते आणि पुढे रेंगाळते, म्हणून पाणी, वीज आणि डिझेलचं नियोजन दिवसांच्या हिशेबाने करायचं असतं.

दिवा पाहून झडप बंद समजणे

अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुकेंद्र, २८ मार्च १९७९. दाब सोडणारी झडप उघडीच अडकली होती, पण पॅनेलवरचा दिवा झडपेची स्थिती नव्हे, तिला दिलेला आदेश दाखवत होता. त्यात प्रेशरायझरमधली (भट्टीतला दाब राखणाऱ्या टाकीतली) पाण्याची पातळी वर दिसली म्हणून भट्टीत सोडलं जाणारं आपत्कालीन पाणी कमी केलं गेलं. दाब घसरतोय आणि पातळी चढतेय, असं एकाच वेळी दिसलं तर आत वाफ होतेय असं धरा. पडताळा सोपा आहे : ७० बार (हवेच्या दाबाच्या सुमारे ७० पट) दाबाला पाणी २८६ अंशांना उकळतं. पाण्याचं तापमान त्या दाबाच्या उत्कलनबिंदूला भिडत असेल, तर पातळी काहीही दाखवो, पाणी कमी करू नका.

जपानमधल्या फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीत ११ मार्च २०११ ला आयसोलेशन कंडेन्सर (भट्टीतल्या वाफेचं पुन्हा पाणी करून ती थंड ठेवणारी व्यवस्था) चालू आहे असा समज बराच वेळ टिकला. त्याच्या झडपा मिटलेल्या होत्या. रात्री पातळीमापक पुन्हा जिवंत झाला तेव्हा त्याने इंधनावर पाणी असल्याचं दाखवलं, तेही खोटं, कारण पातळी ज्याच्याशी ताडून पाहतात त्या मापकाच्या संदर्भनळीतलं पाणीच उडून गेलं होतं. तारापूरच्या १९६९ च्या दोन भट्ट्याही फुकुशिमासारख्या उकळत्या पाण्याच्याच, म्हणजे भट्टीतच पाण्याची वाफ करणाऱ्या, त्यामुळे हा धडा आपल्यापासून लांबचा नाही. दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणारी मापकं जुळल्याशिवाय कुठल्याच एका आकड्यावर निर्णय नको.

दाब न उतरवता बंब जोडणे

अग्निशमन बंब साधारण १० बार दाबाने पाणी ढकलतो, उकळत्या पाण्याच्या भट्टीत ७० बार असतात. आधी वाफ सोडून दाब उतरवायचा, त्यासाठी झडपांना बॅटरी आणि दाबाखालचा वायू हवा. पाणी पोहोचलं का, हेही बंबापाशी ठरत नाही. फुकुशिमात बरंचसं पाणी आडवाटेच्या पाइपांतून भलतीकडेच गेलं. उलट चूकही होते : दाब पुरेसा उतरायच्या आत कमी दाबाची शीतन-व्यवस्था जोडली, तर तिचे पाइप फुटू शकतात.

दुरुस्तीच्या काळात निर्धास्त होणे

दुरुस्तीसाठी भट्टीतल्या पाण्याची पातळी मुख्य पाइपाच्या मध्यापर्यंत उतरवतात तेव्हा हाताशी वेळ सर्वात कमी असतो. विहीर तळाला गेली की मोटर हवा धरते, तसाच इथला पंपही धरतो. पंपाचे अँपिअर आणि प्रवाह दोन्ही हेलकावे खाऊ लागले की भोवऱ्यातून हवा शिरतेय. प्रवाह कमी करा. तरी थांबेना तर पंप बंद करा, पातळी वाढवा, हवा काढा, मगच सुरू करा. घाईने दुसरा पंप लावला तर तोही हवा धरतो आणि दोन्ही जातात.

अमेरिकेतल्या व्होगल केंद्रात २० मार्च १९९० ला अशाच स्थितीत इंधनाचा ट्रक स्विचयार्डमधल्या (बाहेरची वीज जोडतात त्या आवारातल्या) खांबावर आदळला आणि बाहेरची वीज गेली. एक डिझेल जनरेटर दुरुस्तीला होता, दुसरा सुरू होऊन बंद पडला. ३६ मिनिटांत पाणी ३२ वरून ५८ अंशांवर गेलं. पातळी उतरलेली असताना एकही जनरेटर दुरुस्तीला काढायचाच नाही, असा आमचा ठाम आग्रह आहे.

समुद्र आणि वीज गृहीत धरणे

पावसाळ्यात केंद्र थंड ठेवण्यासाठी समुद्राचं पाणी घेण्याच्या तोंडाशी गाळ, शेवाळ, तुटलेली जाळी, प्लास्टिक आणि कधी जेलीफिशचे थवे येतात. फिरत्या जाळ्यांच्या अलीकडे-पलीकडे पाण्याच्या पातळीत फरक वाढला की जाळी तुंबतेय. पंपाचा दाब आणि प्रवाह दोन्ही पडले तर अडथळा ओढीच्या बाजूला. दाब वाढून प्रवाह घटला तर पुढे, बहुधा हीट एक्स्चेंजरच्या (भट्टीकडची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणाऱ्या यंत्राच्या) नळ्यांत वाढलेली शिंपलंवर्गी जनावरं. प्रवाह ठीक, तरीही पाणी पूर्वीइतकं थंड होत नसेल, तर नळ्यांवर थर बसलाय.

विजेचं म्हणाल तर ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. बाहेरची वीज संध्याकाळपर्यंत येईल हे गृहीतक या किनाऱ्यावर चालणार नाही. डिझेल जनरेटर तळघरात नको. फुकुशिमात लाटेने तेच बुडवले, आणि सहाव्या भट्टीचा उंचावरचा, हवेने थंड होणारा एक जनरेटर वाचला, त्याच्यावर पाचवी आणि सहावी भट्टी तरली. चाचणीही नुसती दहा मिनिटं रिकामं इंजिन फिरवून होत नाही. कमी भारावर काजळी साचते, म्हणून खऱ्या भारावर तासन् तास चालवून पाहावं लागतं. दमट हवेत टाकीच्या तळाशी पाणी जमतं, ते ठरल्या वेळी काढायचं, आणि विजेच्या तारांच्या इन्सुलेटरवरचा मिठाचा थर पावसाची पहिली सर येण्याआधी धुवायचा.